त्रेंताकाप्रे आडनावाची शिरगणती

म्हाताऱ्या आगात्सिओला त्याच्या खाटेवरच मारलं. कमरेखाली लुळा, ब्याऐंशी वर्षांचा; सहा वर्षांत तो त्या खाटेवरून उठलाही नव्हता. शेजारीण सकाळी दुधात पाव कुस्करून घेऊन गेली तेव्हा दार उघडं होतं. छऱ्यांच्या बंदुकीचे दोन बार अगदी जवळून घातले होते. चेहरा राहिला नव्हता. गादीतला मक्याचा पाला खोलीभर उडाला होता, आणि भिजून भिंतीला चिकटला होता. छताला टांगलेलं चीज तसंच होतं, डुकराची खारवलेली मांडी तशीच होती. चोर नव्हते.

एर्सीलिया माक्रीला हे कळलं ते दुपारी, कचेरीत, मृत्यूची नोंद करताना. पेत्राफोर्का गावच्या जन्म, लग्न आणि मृत्यूच्या नोंदवह्या गेली वीस वर्षं तिच्या हातच्या होत्या. त्रेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची, अक्षर छापल्यासारखं. तारीख लिहिली, वेळ लिहिली, नाव लिहिलं: आगात्सिओ. मग आडनावाच्या जागी टाक थांबला.

गावात म्हाताऱ्याला आडनावानं कुणीच ओळखत नव्हतं. सगळ्यांसाठी तो पेत्सुल्लो होता, त्याचा बाप पेत्सुल्लो, आजा पेत्सुल्लो. पेत्राफोर्कात माणसाला घराण्याचं टोपणनाव असतं आणि तेवढ्यावर तो जन्म काढतो. आडनाव फक्त सैन्यभरतीला, कोर्टात आणि थडग्यावर लागतं. आगात्सिओचं आडनाव त्रेंताकाप्रे होतं हे पाद्र्यालाही ठाऊक नसेल. ठाऊक होतं ते नोंदवहीला, एर्सीलियाला, आणि ज्याला तिनं फेब्रुवारीत ते स्वतः लिहून दिलं होतं त्याला. त्या यादीत आगात्सिओचा क्रमांक पहिला होता.

फेब्रुवारीत आलेला माणूस तिशीचा होता, सोनेरी काड्यांचा चष्मा, हातमोजे. मी प्राध्यापक फियुमानो, म्हणाला. कालाब्रियातल्या दुर्मीळ आडनावांवर पुस्तक लिहितोय. त्रेंताकाप्रे हे आडनाव तुमच्या गावाखेरीज इटलीत कुठंच सापडत नाही, ते आलं कुठून आणि आज किती उरलंय, एवढं सांगाल का?

वीस वर्षांत एर्सीलियाला कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. मेस्सिनाला ती दोन वर्षं निसर्गविज्ञान शिकली होती. वडील गेले आणि परत यावं लागलं. एकाच डोंगराच्या एकाच उतारावर वाढणारी वनस्पती कशी नोंदवायची हे तिला तिथं शिकवलं होतं. तिनं हे आडनाव तसंच नोंदवलं. तीन आठवडे चर्चच्या कपाटातल्या, उंदरांनी कुरतडलेल्या बाप्तिस्म्याच्या वह्या वाचल्या.

मूळ सापडलं. सतराशे चौदाच्या हिवाळ्यात चर्चच्या पायरीवर एक मूल टाकलेलं होतं. गावात अंगावर पाजणारी बाई नव्हती. तेव्हा तीस घरांनी पाळी लावली: महिन्याचा एकेक दिवस एकेका घरच्या शेळीचं दूध. मूल जगलं. पाद्र्यानं वहीत त्याला आडनाव दिलं ते हेच, तीस शेळ्या. जगातले सगळे त्रेंताकाप्रे त्या एका पोराचे वंशज. अठराशे पन्नासला एकसष्ट पुरुष होते. मग कॉलरा, मग अमेरिकेला जाताना बुडालेली बोट, मग भूकंप, मग दोन युद्धं. बायका पुष्कळ होत्या, पण आडनाव पुरुषाच्या पायांनी चालतं. एकोणीसशे सहासष्टच्या फेब्रुवारीत पाच पुरुष उरले होते.

ते पाच तीन वेगळ्या घराण्यांतले. पेत्सुल्लो, कोळसेवाले, कार्दिल्लो. शंभरसव्वाशे वर्षांपूर्वी फुटलेले, एकमेकांच्या लग्नालाही न जाणारे. आपण एकाच मुळाचे आहोत हे त्यांना स्वतःला माहीत नव्हतं. ते एर्सीलियानं शोधून काढलं, स्वच्छ कागदावर झाडासारखं काढलं, खाली पाच नावं, वयं आणि पत्ते लिहिले आणि कचेरीचा शिक्का मारला. तिला त्या कागदाचा अभिमान वाटला होता.

आगात्सिओच्या अंत्ययात्रेला तिनं प्राध्यापकाला पुन्हा पाहिलं. चौकाच्या कडेला तो काळ्या कपड्यांतल्या एका म्हातारीला हात देऊन उभा होता. शवपेटी जवळून गेली तेव्हा दोघांनी छातीवर क्रॉसची खूण केली. म्हातारी दोन्ना व्हित्तोरिया स्पातारी होती. एर्सीलियाशी नजर भिडताच त्यानं टोपी उचलली.

"तो कोण?" एर्सीलियानं शेजारच्या बाईला विचारलं.

"लेआर्को. म्हातारीचा धाकटा. सहा वर्षांचा असताना जेनोव्याला शाळेत ठेवला होता ना, जीव वाचावा म्हणून. केवढा झालाय बघा."

स्पातारींची गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती. अडतीस साली पाण्याच्या हौदावरून भांडण झालं आणि त्रेंताकाप्र्यांच्या चौथ्या घराण्यानं, गिरणीवाल्यांनी, म्हातारीचा नवरा आणि दोन मोठे मुलगे एका दुपारी हौदातच बुडवून मारले. पाणी लाल झालं, आणि गुरं महिनाभर तिथं तोंड लावेनात. गिरणीवाले एकेक करून मारले गेले, शेवटचा तुरुंगात मेला. गावाला वाटलं, संपलं. पण म्हातारीच्या दारावरचं सुतकाचं काळं फडकं उतरलं नाही. तिनं देवीपुढं शपथ घेतली होती, आणि शपथेत गिरणीवाले म्हटलं नव्हतं. न्यायाधीशानं कोर्टात जे नाव वाचलं तेच म्हटलं होतं: त्रेंताकाप्रे असं लिहिणारा एक जरी पुरुष श्वास घेत असेल, तरी हे फडकं राहील. आता शपथेचे शब्द शब्दशः घेणारा, वाचता येणारा मुलगा घरी आला होता.

एर्सीलिया ठाण्यात गेली. मारेशाल, म्हणजे ठाण्याचा प्रमुख, उत्तरेकडचा होता, थकलेला.

"म्हणजे बघा, सिन्योरीना," तो म्हणाला, "एका माणसानं तुमच्याकडं माहिती मागितली. तुम्ही दिली."

"हो."

"शिक्का मारून."

"हो."

"आणि अर्जावर नाव फियुमानो. अर्ज कुठाय?"

"तोंडीच मागितली होती."

"त्या रात्री लेआर्को स्पातारी पाद्र्याकडं पत्ते खेळत होता. पाद्री सांगतो. त्याचे चुलतभाऊ कुठं होते ते कुणी सांगत नाही. मी काय लिहू? आडनावांचा अभ्यास केला म्हणून अटक?"

यादीतला दुसरा आणि तिसरा क्रमांक कोळसेवाल्या दोघा भावांचा होता. वरच्या रानात ते लाकडं रचून, माती लिंपून कोळसा पाडायचे. एर्सीलिया स्वतः दोन तास चढून त्यांच्याकडं गेली. थोरल्यानं तिला बसायला ओंडका दिला, ताकाची वाटी दिली, आणि सगळं ऐकून घेतलं.

"गिरणीवाल्यांशी आमचा काय संबंध? आमच्या बापानं त्यांचं तोंड पाहिलं नाही."

"कागदावर आहे."

"कागद कुणी केला?"

तिनं ताकाची वाटी खाली ठेवली. धाकटा म्हणाला, "जाऊ दे ग बाई, उतर आता, अंधार पडेल. आमच्याकडं कुत्रे आहेत."

आठ दिवसांनी खेचरवाल्याला आधी कुत्रे दिसले, गळे चिरलेले. कोळशाची भट्टी धुमसत होती आणि मातीच्या लेपातून एक बूट बाहेर आला होता. डॉक्टरनं शवचिकित्सा केली तेव्हा थोरल्याच्या फुप्फुसात काजळी सापडली. म्हणजे आत घातला तेव्हा तो जिवंत होता. मृत्यूचं कारण लिहिण्यासाठी डॉक्टरचा कागद एर्सीलियाकडं आला. तिनं तो वाचला आणि नोंद केली.

चौथा तोरिनोत मोटारीच्या कारखान्यात होता. तिनं तार केली, मग पत्र. पत्र परत आलं, त्यावर कुणीतरी 'मयत' लिहिलेलं. कारखान्याच्या फाटकाशी, पाळी सुटताना, तीनशे माणसांच्या गर्दीत कुणीतरी त्याच्या बरगड्यांमध्ये सुरी घालून फिरवली होती. दहा पावलं चालल्यावर त्याला कळलं, असं वर्तमानपत्रात होतं.

पाचवा होता मास्त्रो कोझिमो, गावचा न्हावी. कार्दिल्लो, म्हणजे गाणारा पक्षी. कारण त्याच्या पणज्यापासून सगळेच दाढी करता करता गायचे. कोझिमो चौतीस वर्षांचा, नवं लग्न, बायको देलियाला सातवा महिना.

"पळून जा," एर्सीलिया त्याला म्हणाली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

"कुठं, दोन्ना एर्सीलिया?"

"ऑस्ट्रेलियाला. मी कागद करून देते. एका दिवसात करते."

"तुमच्या कागदांची मला आता भीतीच वाटते." तो हसला. "अहो, मी कार्दिल्लो आहे. लेआर्कोची दाढी मी करतो, रोज. मान माझ्या हातात असते त्याची. परवा विचारलं, का रे, मला मारणार म्हणे? तर म्हणतो, मास्त्रो, कानाजवळ थोडं बारीक करा."

"मग?"

"मग केलं बारीक."

"कोझिमो, तो मस्करी करत नव्हता."

"आणि हिला या अवस्थेत जहाजात घालू? महिनाभराचा प्रवास. पोर होऊ दे, मग बघू." वस्तरा पुसत त्यानं हळूच विचारलं, "ते तीस शेळ्यांचं खरं आहे का हो? पोराला सांगायला बरं वाटेल."

सप्टेंबरच्या तीन तारखेला, बाजाराच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता एर्सीलिया कचेरीच्या खिडकीत होती. दुकान समोरच. खुर्चीत एक खेडूत साबण लावून बसला होता, कोझिमो गात होता. दोघे आत गेले, तोंडाला रुमाल. खेडूत साबणासकट बाहेर पळाला. पहिला बार आरशाला लागला असावा. काचांचा पाऊस तिनं आधी ऐकला. कोझिमो दारापर्यंत आला, चौकटीला धरून उभा राहिला. मागून दुसरा बार. तो पायरीवर गुडघ्यांवर बसला, दोन्ही हातांनी पोट धरून, काहीतरी सांडू नये तसं. त्यांच्यातल्या एकानं त्याचे केस धरून मान मागं केली आणि कपाळाला पिस्तूल लावलं.

बाजारात दोनशे माणसं होती. दोन मिनिटांत चौक रिकामा. टोमॅटो, कोंबड्यांचे पिंजरे, सगळं टाकून. एर्सीलिया जिने उतरली आणि त्याच्याजवळ जाऊन बसली, कारण दुसरं कुणी जात नव्हतं. डोळे मिटायला हात नेला, पण एकच डोळा होता.

देलिया गल्लीच्या तोंडाशी उभी होती. ती आली, एर्सीलियाला बाजूला सारलं आणि नवऱ्याचं डोकं पोटाशी धरून बसली. मारेशाल आला तेव्हा दोघींना उठवायला चार माणसं लागली.

मुलगा झाला ऑक्टोबरच्या विसाव्या दिवशी, पहाटे. दहा दिवसांच्या आत नोंद करावी लागते. आठव्या दिवशी देलिया स्वतः कचेरीत आली, मुलाला शालीत गुंडाळून.

"लिही," ती म्हणाली. "त्रेंताकाप्रे, कोझिमो. बापाचंच नाव ठेवते."

एर्सीलियानं दार लावून घेतलं.

"देलिया, ऐक. स्पातारी बाप पाहत नाहीत. ते हे पाहतात." तिनं वहीवर बोट ठेवलं. "यात जे असेल ते. दुसरं काही लिहिता येतं."

"काय? टाकलेलं पोर?"

"टाकलेलं लिहिलं तर अनाथाश्रमाची माणसं घेऊन जातील. बिनलग्नाच्या बाईनं माझं म्हणून सांगितलं, दाईनं सही केली, तर आईचं आडनाव लागतं. दाई काताल्दा अंगठा देईल, मी विचारलंय. कचेरीचे सचिव न वाचताच सही करतात."

देलियाला समजायला वेळ लागला.

"कुठली बाई?"

"मी."

"तू." देलिया तिच्या चपट्या पोटाकडं, करड्या केसांकडं पाहत राहिली. "माझं पोर तू जन्माला घातलंस."

"कागदावर."

"नवरा गेला. त्याचं एवढंसं उरलंय माझ्याकडं. तेही नाव पुसू? का? कुणाचं काय खाल्लंय त्यानं?"

आता सांगावंच लागणार होतं. एर्सीलियानं सांगितलं: फेब्रुवारी, चष्मा, झाड, शिक्का. पाच नावांची यादी, पत्त्यांसकट, माझ्या अक्षरातली. पाचवं नाव तुझ्या नवऱ्याचं.

देलियानं मुलाला सावकाश टेबलावर ठेवलं, वहीच्या शेजारी. मग तिनं एर्सीलियाच्या तोंडात मारली. पुन्हा मारली. केस धरून डोकं कपाटावर आपटलं, एकदा, दोनदा. कपाटाची काच तडकली. एर्सीलियानं हात वर केले नाहीत. ओठ फुटला, एक दात हलला. देलिया मारता मारता थकली, आठ दिवसांची बाळंतीण. भिंतीला टेकून खाली बसली. पोर रडायला लागलं.

"त्याला पाज," एर्सीलिया म्हणाली.

देलियानं त्याला पाजलं. पाजताना तिनं मान वर केली नाही.

"राहील कुठं?"

"माझ्याकडं. तू दाई म्हणून ये, मोलकरीण म्हणून ये. राहा तिथंच. घर मोठं आहे."

"लोक तुला काय म्हणतील ठाऊक आहे?"

"आहे."

"चर्चमध्ये शेजारी कुणी बसणार नाही."

"हो."

"बरं होईल," देलिया म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "लिही."

एर्सीलियानं लिहिलं. जन्म, तारीख, वेळ. आई: एर्सीलिया माक्री, अविवाहित. वडील: अज्ञात. आयुष्यात तिनं लिहिलेली ही पहिली खोटी ओळ, आणि अक्षर नेहमीइतकंच सरळ आलं. काताल्दानं संध्याकाळी येऊन अंगठा उमटवला. सचिवांनी इतर सात कागदांबरोबर सही केली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता लेआर्को स्पातारी आला. हातमोजे काढले, टोपी मांडीवर ठेवून बसला. सचिव कॉफीला गेले होते.

"दोन्ना एर्सीलिया, तोंडाला काय झालं?"

"पडले."

"जपायला हवं." त्यानं खिशातून तिचा कागद काढला. घड्यांवर झिजलेला, पाच नावांवर बारीक, सरळ रेघा. "एक जन्म झालाय म्हणतात. नोंद पाहायची होती. यादी अपुरी राहायला नको, तुम्हालाही आवडणार नाही."

"नऊ दिवसांचं मूल आहे ते."

"वीस वर्षांत वीस वर्षांचं होईल. मीही सहाचा होतो."

"वह्यांत आणखी एक गोष्ट आहे," ती म्हणाली. "तुम्हाला दिली नव्हती. त्या तीस घरांची नावं. अठरावं घर स्पातारींचं. महिन्याच्या अठरा तारखेला तुमच्या शेळीचं दूध पिऊन ते मूल जगलं."

तो मनापासून हसला, शिक्षकासारखा. "सुंदर. म्हणजे आम्ही दिलं होतं. म्हणून परत घेतोय. वही दाखवा."

तिनं वही फिरवून त्याच्यापुढं ठेवली. तो वाचत गेला. शेवटच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. त्यानं चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं.

"माक्री."

"माक्री."

"हे पोर देलियाचं आहे. अख्ख्या गावानं तिचं पोट पाहिलंय."

"गावानं आगात्सिओला पेत्सुल्लो म्हणूनही पाहिलं होतं. तुम्ही गावाला विचारलं नाहीत. या वहीला विचारलंत."

त्याचं बोट अजून त्या ओळीवरच होतं.

"शपथेत काय आहे? त्रेंताकाप्रे असं लिहिणारा पुरुष. वही बघा, आता एकही नाही. घरी जाऊन आईला सांगा, फडकं काढा. नाहीतर सांगा, की शपथेचे शब्द खोटे होते, आणि कोळसेवाल्यांना जिवंत भाजलं ते उगीच. न्हाव्याला मारलं ते उगीच."

बाहेर चौकात कुणीतरी खेचराला शिव्या देत होतं. लेआर्कोनं वही मिटली, अगदी हळू, पानाला घडी पडू नये म्हणून. तिच्या कागदावर पाचव्या रेघेखाली त्यानं पेन्सिलीनं आणखी एक, आडवी, शेवटची रेघ मारली.

"शब्द खरे आहेत," तो म्हणाला. "तुमचं काम नेहमीच चोख असतं, दोन्ना एर्सीलिया. पण मला फसवणाऱ्या बाईला मी असंच सोडलं, तर चुलतभाऊ माझं ऐकणार नाहीत. ते लहान मुलासाठी परत येतील. समजतंय ना तुम्हाला?"

तिला समजलं. या भागात बाईला मारत नाहीत. तिच्या तोंडावर लिहून ठेवतात. तिनं वही टेबलाच्या पलीकडच्या टोकाला सरकवली, आपला चष्मा उतरवला आणि खुर्चीचे हात धरले.

त्यानं खिशातला चाकू उघडला. डाव्या हातानं तिची हनुवटी धरली, आणि कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत एका ओढीत गाल चिरला. घाई केली नाही. तिच्या टाचा फरशीवर आपोआप खरवडल्या गेल्या. त्यानं चाकू टीपकागदावर पुसला, हातमोजे घातले, टोपी उचलली आणि जिना उतरून गेला.

दाई काताल्दानं घरी, खिडकीपाशी, उजेडात टाके घातले. सुईला आधी ग्राप्पा, द्राक्षाची कडक दारू, पाजली, मग थोडी एर्सीलियाला. समोर देलिया बसली होती, मूल अंगावर. तिनं अकरा टाके मोजले.

"वाईट दिसणार आहे," ती म्हणाली.

"हो."

"मोठा झाला की मी त्याला सगळं सांगणार. बाप कोण, नाव काय. तू काय केलंस तेही."

"सांग," एर्सीलिया म्हणाली. "लिहू मात्र नकोस."

"बोलू नका," काताल्दा म्हणाली, "टाका उसवेल."